प्राचीन जर्मानिक भाषा आणि आजचा वाचक : बोधगम्यतेचे स्वरूप

१

जर्मानिक भाषांच्या इतिहासासंबंधी दोन विधाने वारंवार केली जातात. पहिले असे की, आइसलँडमधील सुशिक्षित मनुष्य तेराव्या शतकातील सागा-वाङ्मय वर्तमानपत्राइतक्या सहजतेने वाचतो. दुसरे असे की, इंग्रज वाचकाला आपल्याच भाषेतील हजार वर्षांपूर्वीचे लेखन एखाद्या परक्या भाषेप्रमाणे व्याकरण व कोश घेऊन शिकावे लागते. ही दोन्ही विधाने स्थूलमानाने खरी आहेत. तथापि, एका समाजाला आपली जुनी भाषा 'समजते' व दुसऱ्याला 'समजत नाही', असा जो निष्कर्ष त्यांवरून काढला जातो, तो तपासून पाहण्याजोगा आहे. कारण 'समजणे' या एकाच क्रियापदाखाली येथे निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात.

जुन्या लेखनाच्या आकलनाचे निदान तीन स्तर मानावे लागतात. पहिला शब्दाच्या ओळखीचा : समोरचा शब्द आजच्या अमुक शब्दाचे पूर्वरूप आहे, हे ध्यानात येणे. दुसरा अन्वयाचा : कर्ता कोणता, कर्म कोणते, कोणते विशेषण कोणत्या नामाचे, याचा निर्णय होणे. तिसरा अर्थनिश्चयाचा : तो शब्द त्या काळी ज्या अर्थाने वापरला जात असे, तोच अर्थ वाचकाच्या मनात येणे. हे तीन स्तर एकमेकांबरोबर चालतातच असे नाही. पहिल्या स्तरावर भरघोस यश मिळालेला वाचक तिसऱ्या स्तरावर पूर्णपणे फसलेला असू शकतो, आणि आपण फसलो आहोत याची त्याला जाणीवही नसते. प्राचीन जर्मानिक भाषांच्या संदर्भात ही शक्यता कोठे आणि का उद्भवते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचनापूर्वी या कुळाची मांडणी थोडक्यात लक्षात घ्यावी. 'जर्मानिक' ही संज्ञा केवळ जर्मन भाषेची वाचक नसून एका भाषाकुलाची वाचक आहे. त्याच्या पूर्व शाखेत गॉथिक येते. ही शाखा आज निर्वंश झाली आहे. उत्तर शाखेत आइसलँडिक, फेरोईज, नॉर्वेजियन, स्वीडिश व डॅनिश या भाषा मोडतात. पश्चिम शाखेत इंग्रजी, फ्रिजियन, डच व जर्मन यांचा समावेश होतो. मूळ एकच असले तरी या भाषा आपापल्या पूर्वरूपांपासून सारख्या वेगाने दूर गेलेल्या नाहीत.

२

इंग्रजीचे उदाहरण प्रथम घेणे सोयीचे आहे, कारण अंतर येथे सर्वाधिक ठळक आहे. प्राचीन इंग्रजीत नामांना तीन लिंगे व चार प्रमुख विभक्ती होत्या. विशेषणे व दर्शक सर्वनामे लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे चालत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर राज्यकारभार व उच्चवर्गीय व्यवहार यांत फ्रेंच भाषेने इंग्रजीची जागा घेतली आणि पुढील शतकांत फ्रेंच शब्दांचा मोठा प्रवाह इंग्रजीत शिरला. त्याहीपूर्वी स्कँडिनेव्हियन वसाहतींमुळे उत्तर व पूर्व इंग्लंडच्या बोलीत बदल घडू लागले होते. आजच्या इंग्रजीतील 'दे', 'देअर' व 'देम' ही सर्वनामेदेखील त्या संपर्कातून आलेली आहेत. प्राचीन इंग्रजीच्या कोशातील सुमारे ८५ टक्के शब्द आज वापरात नाहीत, असा एक प्रचलित अंदाज आहे. मात्र जे शब्द उरले ते नित्य व्यवहारातले आहेत : हात, घर, पाणी, दगड, सूर्य, खाणे, पिणे यांचे वाचक शब्द जुनेच आहेत. त्यामुळे जुन्या इंग्रजीचे पान उघडणाऱ्या वाचकाला ओळींमधून काही परिचित चेहरे दिसतात आणि त्यांच्या आधारे उरलेला मजकूर जुळवण्याचा मोह होतो.

हा मोह कोठे नेतो, हे दाखविण्यासाठी केवळ उदाहरण म्हणून रचलेले एक छोटे वाक्य पुरेसे आहे : 'थोने क्युनिंग स्लोह से क्निख्त'. आजच्या इंग्रजी वाचकाला यातील तीन शब्द ओळखता येतात. 'क्युनिंग' म्हणजे 'किंग', राजा. 'स्लोह' म्हणजे 'स्लू', ठार मारले. 'क्निख्त' म्हणजे 'नाइट', सरदार-योद्धा. आधुनिक इंग्रजीत कर्ता आधी, क्रियापद मध्ये आणि कर्म शेवटी येत असल्यामुळे तो निःशंकपणे अर्थ करील : 'राजाने योद्ध्याला ठार मारले'. प्रत्यक्षात वाक्याचा अर्थ 'मुलाने राजाला मारले' असा आहे. 'थोने' हे द्वितीयेचे रूप व 'से' हे प्रथमेचे रूप आहे. म्हणून राजा कर्म ठरतो. 'क्निख्त' या शब्दाचा जुना अर्थ मुलगा किंवा सेवक असा आहे. 'स्लोह' या क्रियापदाने प्रहार करणे एवढेच सांगितले जाऊ शकते. त्यातून मृत्यू अपरिहार्यपणे निघत नाही. तीनही शब्द ओळखले गेले आणि वाक्य मात्र उलटे समजले. संस्कृताच्या परिचयामुळे शब्दक्रमापेक्षा विभक्तीकडे पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला येथील पहिली चूक सहज टाळता येईल. दुसरी व तिसरी मात्र त्यालाही टाळता येणार नाहीत, कारण त्या अर्थपरिवर्तनातून आलेल्या आहेत.

अशा शब्दांची संख्या थोडी नाही. आज केवळ हरणाचा वाचक असलेला शब्द 'देओर' या रूपात कोणत्याही पशूला लावला जाई. आज मांसवाचक असलेला 'मेते' सर्व अन्नाला. आज उपासमारीचा वाचक असलेला 'स्तेओर्फन' कोणत्याही प्रकारच्या मरणाला. 'सेलन' म्हणजे विकणे नसून देणे होय. सर्वांत फसवे उदाहरण 'विथ' या शब्दाचे आहे. आज तो 'सह' या अर्थी येतो. प्राचीन इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ 'विरुद्ध' असा होता आणि प्रतिकार करणे या अर्थाच्या आजच्या 'विथस्टँड' या क्रियापदात तो अर्थ अद्याप टिकून आहे. युद्धवर्णनात हा शब्द आजच्या अर्थाने घेतला, तर शत्रूचा मित्र होतो.

अंतर केवळ कालाने ठरते, ही समजूतही इंग्रजीच्या पुढील इतिहासाने खोटी ठरते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये लिहिणाऱ्या चॉसरचे काव्य आजचा इंग्रज वाचक टिपांच्या साह्याने वाचू शकतो. त्याच काळातील, परंतु वायव्य मिडलँड्सच्या बोलीतील 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' हे काव्य त्याला कितीतरी अधिक दुर्बोध वाटते. दोन्ही ग्रंथांचे वय जवळजवळ सारखे आहे. फरक एवढाच की, पुढे जी प्रमाण इंग्रजी घडली तिचा आधार लंडनच्या आसपासची भाषा होती. एकाच काळातील बोलींमधील दुरावा किती असू शकतो, याची साक्ष इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन यानेही ठेवली आहे. १४९० मध्ये छापलेल्या 'एनेडॉस' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने सांगितलेल्या हकिकतीनुसार, एका व्यापाऱ्याने उत्तरेकडील शब्द वापरून अंडी मागितली, तेव्हा केंटच्या किनाऱ्यावरील बाईला तो फ्रेंच बोलत आहे असे वाटले. जुन्या ग्रंथाची बोधगम्यता म्हणजे आजची प्रमाणभाषा ज्या बोलीतून निघाली, तिच्याशी त्या ग्रंथाच्या बोलीचे असलेले नाते होय. वर्षांची संख्या हा त्यातील केवळ एक घटक आहे.

३

जर्मन भाषेची स्थिती निराळी आहे. आजच्या जर्मनमध्ये चार विभक्ती व तीन लिंगे टिकून आहेत. त्यामुळे जुन्या वाक्याचा अन्वय लावताना जर्मन वाचकाची इंग्रजासारखी दिशाभूल होत नाही. प्राचीन उच्च जर्मनमध्ये, म्हणजे साधारणतः ७५० ते १०५० या काळात, शब्दाच्या अंत्य अक्षरांत पूर्ण स्वर नांदत होते. पुढे ते क्षीण होऊन बहुतेक ठिकाणी 'ए'मध्ये विलीन झाले किंवा लुप्त झाले. 'त्सुंगा' (जीभ) हा शब्द 'त्सुंगे' झाला, 'हेर्त्सा' (हृदय) हा 'हेर्त्स' झाला. मध्य उच्च जर्मनमध्ये, म्हणजे सुमारे १०५० ते १३५० या काळात, ही प्रक्रिया बरीचशी पूर्ण झालेली असल्यामुळे त्या काळची भाषा आजच्या वाचकाला पुष्कळ जवळची वाटते. 'हूस' (घर) व 'मीन' (माझे) यांतील दीर्घ स्वर आजच्या प्रमाण जर्मनमध्ये संयुक्त होऊन 'हाउस' व 'माइन' झाले आहेत. स्वित्झर्लंडमधील बहुतेक बोलींत मात्र ते जुन्या रूपात ऐकू येतात. म्हणजे येथेही प्रमाणभाषेच्या वाचकाला जे शिकावे लागते, ते बोलीच्या भाषकाला काही अंशी घरचेच असते.

परंतु हीच जवळीक धोक्याची ठरते. सुमारे १२०० च्या 'निबेलुंगेनलीड' या महाकाव्याच्या भाषेत ओळखता येणार नाहीत असे शब्द तुलनेने थोडे आहेत. ओळखीचे वाटणारे पण निराळ्या अर्थाचे शब्द पुष्कळ आहेत. 'होखगेत्सीत' म्हणजे कोणताही मोठा उत्सव. आजच्या 'होखत्साइट'चा अर्थ केवळ विवाह. 'अरेबेइत' म्हणजे कष्ट, आपत्ती, युद्धातील हालअपेष्टा; आजच्या 'आर्बाइट'चा अर्थ काम. 'लिस्त' म्हणजे ज्ञान किंवा कौशल्य. आज त्याला कपटाचा वास आहे. 'क्रांक' म्हणजे दुर्बल, आज आजारी. 'एलेंदे' म्हणजे परदेश, परागंदा अवस्था, आज दैन्य. 'फ्राउवे' ही कुलीन स्वामिनी होती; आजची 'फ्राउ' ही कोणतीही स्त्री आहे. 'वीप' हा त्या काळी स्त्रीवाचक सामान्य शब्द होता, तर आज 'वाइप' हीनतादर्शक झाला आहे. या शेवटच्या जोडीत दोन शब्दांचे सामाजिक स्थानच एकेक पायरी खाली सरकले आहे. एकाचा अर्थ समजून दुसऱ्याचा सुटला, तर काव्यातील संबोधनांची सारी श्रेणी विस्कटते.

सर्वांत बोलके उदाहरण 'फेइगे' या विशेषणाचे आहे. मध्य उच्च जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'ज्याचा मृत्यू विधिलिखित आहे असा' होतो. आजच्या 'फायगे'चा अर्थ 'भित्रा' असा आहे. दैवाने घेरलेल्या वीराविषयी हे विशेषण आले असता आजचा वाचक त्याला भेकड समजेल. आणि व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष लागत असल्यामुळे शंका घेण्याचे कारणही त्याला दिसणार नाही. ज्या काव्याचा गाभाच अटळ मृत्यूला सामोरे जाण्यात आहे, त्याच्या आकलनात ही चूक किरकोळ नव्हे.

४

आता आइसलँडिककडे वळता येईल. नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नॉर्वेतून आलेल्या वसाहतकारांनी नेलेली भाषा या दूरच्या बेटावर बरीच स्थिर राहिली. नामांची चारही विभक्तिरूपे, तिन्ही लिंगे, क्रियापदांची रूपव्यवस्था आणि मूलभूत शब्दसंग्रह यांत सातत्य आहे. दर सहस्र वर्षांत मूलभूत शब्दांपैकी सुमारे ८६ टक्के टिकतात, असे गृहीत धरून भाषांचे वय मोजण्याची पद्धत मॉरिस स्वॉडेश यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला मांडली होती. १९६२ मध्ये क्नुट बेर्गस्लान व हान्स फोग्ट या नॉर्वेजियन अभ्यासकांनी तिच्यावर जे आक्षेप घेतले, त्यांत आइसलँडिकचा दाखला प्रमुख होता. येथे टिकलेल्या शब्दांचे प्रमाण या गृहीत वेगाशी जुळण्यापलीकडे अधिक होते. भाषा एका ठरावीक गतीने झिजतात, ही कल्पना त्यामुळे डळमळली.

तरीसुद्धा 'वर्तमानपत्रासारखे वाचणे' या म्हणण्याला तीन मर्यादा घालाव्या लागतात. पहिली उच्चाराची. जुन्या भाषेतील दीर्घ 'आ'चा उच्चार आज 'आउ' असा होतो. अनेक स्वरांतील भेद नष्ट झाले. ऱ्हस्व-दीर्घाची जुनी व्यवस्था मोडून नवी आली. 'हेस्त्र' (घोडा) याचे 'हेस्तुर' झाले, 'ओक' (आणि) याचे 'ओग' झाले. ही परिवर्तने लहान नाहीत. परंतु व्युत्पत्तीला धरून चालणाऱ्या लेखनपद्धतीमुळे त्यांतील पुष्कळशी पानावर दिसत नाहीत. डोळ्याला जे सातत्य दिसते, ते कानाला ऐकू येणार नाही.

दुसरी मर्यादा संपादनाची. वाचकाच्या हाती हस्तलिखित येत नाही. संपादित ग्रंथ येतो. हस्तलिखितांत संक्षेपचिन्हे भरपूर असतात व एकच शब्द अनेक प्रकारे लिहिलेला असतो. एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी व्याकरणाच्या आधारे प्राचीन भाषेचे एक नियमबद्ध लेखन सिद्ध केले आणि बहुतेक आवृत्त्या त्या लेखनात निघू लागल्या. जर्मनीत मध्य उच्च जर्मनच्या बाबतीत कार्ल लाखमान यांनीही हेच कार्य केले. आइसलँडमध्ये या प्रश्नाने एकदा राजकीय स्वरूप धारण केले. १९४१ मध्ये हाल्दोर लाक्सनेस या कादंबरीकाराने 'लाक्सडेला सागा' आधुनिक लेखनपद्धतीत प्रसिद्ध केली. प्राचीन ठेव्याचा हा अवमान आहे, अशी ओरड झाली आणि त्याच वर्षी तेथील संसदेने जुन्या ग्रंथांच्या प्रकाशनावर शासनाचे नियंत्रण आणणारा कायदा केला. लाक्सनेस व त्यांचे सहकारी यांनी १९४२ मध्ये आणखी एक सागा तशीच छापली, खटला झाला, अखेर १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुद्रणस्वातंत्र्याच्या आधारे त्यांना दोषमुक्त केले. वाद वरकरणी काही अक्षरांचा होता. वस्तुतः प्रश्न असा होता की, जुना ग्रंथ वाचकाला आपला वाटावा की जुना वाटावा. आधुनिक लेखनाने अंतर पुसले जाते, हा आक्षेप खरा होता. परंतु ज्या 'प्राचीन' लेखनाचा कैवार घेतला जात होता, तेही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पंडितांनी घडविलेले होते, हेही तितकेच खरे होते.

तिसरी मर्यादा अर्थाची व वाङ्मयप्रकाराची. जुन्या भाषेत द्विवचनी सर्वनाम होते : 'वित' म्हणजे 'आम्ही दोघे', संस्कृतातील 'आवाम्'. आज त्याचेच 'विध' हे रूप 'आम्ही' या अनेकवचनी अर्थाने रूढ आहे, तर मूळचे अनेकवचनी 'व्येर' केवळ गंभीर वा औपचारिक भाषेत उरले आहे. सागेतील एखादे पात्र केवळ दोघांविषयी बोलत आहे, हा सूक्ष्म पण कथानकात निर्णायक ठरू शकणारा तपशील आजच्या वाचकाच्या हातून निसटू शकतो. शिवाय सुबोध आहे ते सागांचे गद्य. दरबारी कवींचे कूट रूपकांनी भरलेले काव्य आइसलँडच्या वाचकालाही टिपांवाचून लागत नाही. किंबहुना सुमारे १२२० मध्ये स्नोरी स्तुर्लुसोन यांनी 'एद्दा' हा ग्रंथ रचला, तोच मुळी तरुण कवींना जुन्या काव्याची भाषा उलगडून दाखविण्यासाठी. आज ज्याला आपण प्राचीन म्हणतो, त्या काळातही एक 'प्राचीन' होतेच.

याच उत्तर शाखेतील डॅनिश, स्वीडिश व नॉर्वेजियन भाषकांची स्थिती आइसलँडपेक्षा इंग्लंडला जवळची आहे. हान्सा व्यापारसंघाच्या काळात मध्य निम्न जर्मन भाषेतून शेकडो शब्द त्यांच्यात आले आणि प्रमाणभाषांतील विभक्तिव्यवस्था ढासळली. सागांतील कित्येक घटना नॉर्वेच्या भूमीवर घडतात. पण नॉर्वेतील वाचक त्या सामान्यतः अनुवादातून वाचतो.

५

गॉथिकचा प्रश्न स्वतंत्र आहे, कारण ती कोणत्याही जिवंत भाषेची जननी नाही. चौथ्या शतकात वुल्फिला यांनी केलेले बायबलचे भाषांतर हा तिचा मुख्य आधार असून त्याचे सर्वांत प्रसिद्ध हस्तलिखित, सहाव्या शतकातील 'कोडेक्स आर्जेंतेउस', स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात आहे. 'ब्रोथर', 'स्विस्तर', 'नामो', 'फिस्क्स' (मासा) हे शब्द कोणत्याही जर्मानिक भाषकाला ओळखता येतील. परंतु राजा या अर्थी 'थिउदन्स' येताच सारेच थबकतात. 'स्लेपन' (झोपणे) याचे भूतकाळी रूप 'सेस्लेप' असे अभ्यासाने होते. संस्कृतातील लिट् लकाराची द्वित्वयुक्त रूपे ज्याने अभ्यासली आहेत, त्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. सामान्य इंग्रज वा जर्मन वाचकाला मात्र ती सर्वस्वी नवी वाटते. गॉथिक कोणालाही आयती समजत नाही. म्हणूनच ती समजली आहे असा भ्रमही सहसा कोणाला होत नाही. या दृष्टीने सर्वांत दूरची भाषा सर्वांत निर्धोक ठरते.

६

आइनार हाउगेन यांनी १९६६ मध्ये स्कँडिनेव्हियातील शेजारी भाषकांच्या व्यवहाराला 'अर्धसंप्रेषण' अशा अर्थाची संज्ञा योजली. स्वीडिश मनुष्य आपल्या भाषेत बोलतो, डॅनिश मनुष्य आपल्या. काही कळते, काही निसटते. तथापि हा व्यवहार चालतो, याचे कारण दोन्ही पक्ष जिवंत असतात. चुकीचे उत्तर आले की बोलणारा भुवया उंचावतो, पुन्हा सांगतो, दुसरा शब्द वापरतो. जुन्या ग्रंथाशी होणारा व्यवहारही अर्धसंप्रेषणच आहे, पण त्यात दुरुस्ती करणारा पक्ष अनुपस्थित आहे. वाचकाने 'विरुद्ध'चे 'सह' केले किंवा मृत्युमुखी वीराला भेकड ठरविले, तरी पान मुकाट्याने तसेच राहते. ही अनुपस्थिती भरून काढणे हेच कोशकाराचे, व्याकरणकाराचे व पाठसंपादकाचे कार्य होय. वाचक आणि ग्रंथ यांच्यामधील अडथळा म्हणून नव्हे, तर 'तसे नव्हे, असे' म्हणणारा मृत लेखकाचा प्रतिनिधी म्हणून त्यांच्याकडे पाहिले पाहिजे.

यावरून बोधगम्यतेच्या अभ्यासासाठी काही पथ्ये निघतात. ओळखलेल्या शब्दांची टक्केवारी हे आकलनाचे माप मानू नये; पूर्ण वाक्याचा अनुवाद करून घ्यावा. मजकूर हस्तलिखिताच्या लेखनात दिला की संपादित लेखनात, गद्य दिले की पद्य, याची नोंद असावी. वाचकाचे शालेय शिक्षण विचारात घ्यावे. आइसलँडमधील मुले शाळेतच सागा वाचतात, आणि तेथील वाचकाची पात्रता काही अंशी भाषेची, काही अंशी शिक्षणाची देणगी आहे. आणि प्रत्येक उत्तराबरोबर वाचकाला त्या उत्तराची किती खात्री वाटते हेही विचारावे. कारण चुकीच्या उत्तरामागील खात्री ही न आलेल्या उत्तरापेक्षा अभ्यासकाला अधिक शिकविते.

मराठीच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नाही. १२९० मधील 'ज्ञानेश्वरी' मराठी वाचकाला दूरची वाटत नाही, याचे श्रेय अखंड पारायणपरंपरेला जसे आहे, तसेच १५८४ मध्ये एकनाथांनी केलेल्या पाठशुद्धीलाही आहे. म्हणजे येथेही वाचक व मूळ ग्रंथ यांच्यामध्ये परंपरा आणि संपादक उभे आहेत. जुन्या मराठीचा जो शब्द आजच्या वाचकाला अडवितो, त्याच्यासाठी तो कोश उघडतोच. जो अडवीत नाही, त्याच्यासाठीही कोश उघडण्याची सवय पदव्युत्तर अध्ययनाच्या प्रारंभीच लागली, तर जुन्या मराठीच्या वाचनातील पुष्कळ अनर्थ वेळीच टळतील.